राज्य देवाचें, शिक्का कोणाचा?

मुसलमानी राज्य देवाच्या हुकुमानें चालतें, ख्रिस्ती लोकांनीं देव एका बाजूस व राजा दुसऱ्या बाजूस असे दोन धनी मानले, आणि आमच्याकडे मात्र धर्म हाच राजाचाही राजा होता, अशीं तीन वाक्यें व्याख्यानांतून आणि देवळांच्या ओसऱ्यांवरून वारंवार ऐकूं येतात. ऐकणारा मान डोलावतो आणि घरीं जातो. हीं तिन्ही वाक्यें अर्धीं खरीं आहेत, आणि अर्धें खरें हें धडधडीत खोट्यापेक्षां गरिबास महाग पडतें. म्हणून त्यांची जरा झडती घ्यावी असें आम्हीं योजिलें आहे.

महाड-पोलादपूरकडील कुणब्यास, गवळ्यास किंवा कातकऱ्यास बगदादचा खलिफा आणि रोमचा पोप यांच्याशीं काय कर्तव्य, असें कोणी शहाणा विचारील. त्यास आमचें उत्तर असें. ज्या दिवशीं गांवकी बसते आणि अमक्या घराशीं कोणीं बोलूं नये, त्यास किराणा देऊं नये, त्याच्या लग्नास जाऊं नये, त्याच्या मयतास खांदा देऊं नये असा ठराव करिते, त्या दिवशीं त्या गांवांत राज्य कोणाचें चालू आहे? कलेक्टराचें नव्हे, कोर्टाचें नव्हे, ग्रामपंचायतीचेंही नव्हे. ज्यानें तो दंड बसविला त्याचें. हा सवाल दुसऱ्या देशांत पूर्वीं लढला गेला आहे. ते लोक कोठें हरले व कोठें जिंकले हें आपण पाहावें, यांत कमीपणा नाहीं.

सार्वभौम सत्ता हा शब्द मोठा, पण अर्थ साधा आहे. ज्याच्या हुकुमावर अपील नाहीं तो सार्वभौम. फ्रान्स देशांत बोदां नांवाच्या कायदेपंडितानें १५७६ सालीं हा विचार नीट बांधून मांडला. वस्तु त्यापूर्वींही होतीच. नांव बसलें तें तेव्हां.

प्रथम इस्लामाकडे पाहूं. त्या धर्माचा मूळ सिद्धांत असा कीं, हुकूम करण्याचा खरा हक्क एका ईश्वरासच आहे. बादशहा झाला तरी तो बंदाच, आणि शरियत जशी हमालास तशी त्यासही लागू. नमाज पढविणारा इमाम हा देव आणि मनुष्य यांच्या मधला मुखत्यार नव्हे. जोतीराव फुल्यांनीं पैगंबरावर अखंड रचिला तो उगीच नव्हे; मध्यें भट नसलेला धर्म त्यांस मोलाचा वाटला. सिद्धांत म्हणून हा फार उंच आहे, आणि आमच्यांतील जे लोक त्याची टवाळी करितात त्यांनीं आपल्या घरचा सिद्धांत आधीं पाहावा.

परंतु सिद्धांताचें व्यवहारांत काय झालें? पैगंबर ६३२ सालीं वारले. त्यांच्या मागें अबू बकर यांस मदीनेंतील लोकांनीं निवडलें व खलिफा, म्हणजे मागें कारभार पाहणारा, असें नांव दिलें. पुढें पंचवीस वर्षांनीं सिफ्फीन येथें अली आणि मुआविया यांचीं सैन्यें एकमेकांशीं लढलीं. तंटा लवादाकडे सोपविण्यास अलींनीं मान्यता दिली, तेव्हां त्यांच्याच सैन्यांतील एक टोळी रागानें निघून गेली. हेच खारिजी. त्यांचा घोष असा कीं, हुकूम एका अल्लाचा. माणसांचा लवाद कसला? यावर अलींनीं दिलेलें उत्तर परंपरेनें जपून ठेविलें आहे. त्याचा आशय असा कीं, शब्द खरा आहे, पण त्याचा उपयोग खोट्यासाठीं चालला आहे. हुकूम देवाचा खरा, परंतु लोकांना चांगला-वाईट कोणी तरी माणूस कारभारी लागतोच. ६६१ सालीं त्याच पंथाच्या एका माणसानें अलींचा खून केला.

वाचकहो, या उत्तरापाशीं थोडें थांबा. देवच एकटा धनी, असें जो मोठ्यानें ओरडतो तो देवास राज्यावर बसवीत नसतो. देव कांहीं कचेरीत येऊन निवाडा लिहीत नाहीं. निवाडा लिहिणारा हा ओरडणाराच असतो, आणि आपल्या निवाड्यावर अपील नको एवढ्यासाठीं त्यास देवाचें नांव हवें असतें. हें एका मुसलमान खलिफानें तेराशें वर्षांपूर्वींच ओळखलें. आमच्याकडे तें अजून पुष्कळांस ओळखावयाचें आहे.

अकराव्या शतकांत बगदादचा खलिफा सरदारांच्या मुठींत सांपडला, तेव्हां मावर्दी नांवाच्या काजीनें (मृत्यु १०५८) राज्यशास्त्राचा प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. खलिफाची नेमणूक हा एक करार आहे, जाणत्या लोकांनीं त्यास निवडावें, असें तो म्हणतो. जाणते किती असावेत? एक असला तरी चालेल, असेंही एक मत तो नोंदवून ठेवितो! आणि ज्या सरदारानें तलवारीच्या जोरावर प्रांत बळकाविला त्यास खलिफानें सनद द्यावी, म्हणजे निदान शरियतीची इभ्रत राहील, अशी तोड त्यानें काढिली. विद्वान् मनुष्य होता व अडचणींत होता. पण परिणाम असा झाला कीं, देवाचें राज्य कागदावर राहिलें आणि तलवारवाल्याचें गांवांत आलें.

आमच्या दक्षिणेंत हें राज्य दोन खुणांनीं ओळखलें जाई: खुत्बा आणि सिक्का. शुक्रवारच्या नमाजाच्या वेळीं कोणाचें नांव घेतलें आणि नाण्यावर कोणाचें नांव उठलें, त्यावरून धनी ठरे. महंमद तुघलकानें कैरोच्या खलिफाकडून मान्यता मागविली व त्याच्या नांवाचीं नाणीं पाडलीं; एवढा मोठा बादशहा, पण लोक उठूं लागले तेव्हां त्यास दूरच्या एका दुबळ्या खलिफाचा कागद लागला. १३४७ सालीं दौलताबादेस हसन बहमनशहा गादीवर बसला आणि खुत्बा त्याच्या नांवाचा झाला. १६३६ सालीं शहाजहाननें गोवळकोंड्याच्या कुतुबशहाकडून असें लिहून घेतलें कीं, खुत्ब्यांतून इराणच्या शहाचें नांव काढावें व आमचें घालावें. त्याच वर्षींच्या वांटणींत निजामशाही बुडाली आणि तिच्याकडचें कोंकण विजापूरकरांच्या पदरीं पडलें. सावित्रीकांठच्या रयतेस त्या वेळीं कोणीं एक शब्द विचारला नाहीं. नमाजांतलें नांव बदललें, सारा मात्र तोच राहिला.

अकबर बादशहानें १५७९ सालीं याच्याही पुढें पाऊल टाकिलें. उलेमांत मतभेद पडल्यास बादशहा जें मत पसंत करील तें सर्वांस बांधील, अशा कागदावर त्यानें उलेमांच्याच सह्या घेतल्या. तलवारवाला आणि पोथीवाला यांच्यांत शेवटीं कोण वरचढ, याचा तेथें निकाल लागला.

आतां ख्रिस्ती लोकांकडे वळूं. येशूस कोणीं विचारलें कीं, रोमी बादशहास कर द्यावा कीं न द्यावा? त्यानें नाणें मागवून त्यावर मुद्रा कोणाची तें विचारलें, आणि बादशहाचें बादशहास व देवाचें देवास द्यावें असा जबाब दिला. येथेंही सिक्काच आला पाहा. दोन धनी वेगळे केले म्हणतात ते याच गोष्टीवरून. परंतु कोणतें बादशहाचें व कोणतें देवाचें, ही वांटणी कोणी करावी, हें त्या जबाबांत नाहीं. त्या एका रिकाम्या जागेसाठीं युरोप हजार वर्षें भांडला.

३९० सालीं थिओडोसियस बादशहानें थेस्सलनिका शहरांत कत्तल करविली म्हणून मिलानच्या अंब्रोज बिशपानें त्यास प्रायश्चित्त घेण्यास लाविलें. हें चांगलेंच झालें. जुलमी राजास कोणी तरी आडवा आला. पण जी काठी राजाच्या पाठींत चालते ती धरणाऱ्याच्या हातास लवकरच सवयीची होते. १०७६ सालीं पोप सातवा ग्रेगरी यानें जर्मनीचा राजा चौथा हेन्री यास वाळींत टाकिलें. नुसतें देवळांत येऊं नको एवढेंच सांगितलें नाहीं, तर त्याच्या प्रजेनें घेतलेल्या निष्ठेच्या शपथाही मोकळ्या केल्या. सरदार बिथरले. दुसऱ्या वर्षीं जानेवारीच्या कडक थंडींत हा राजा कनोस्सा येथील किल्ल्याच्या दाराशीं तीन दिवस अनवाणी उभा राहिला, तेव्हां त्यास क्षमा मिळाली. सैन्य राजाचें, खजिना राजाचा, आणि एका बहिष्काराच्या कागदानें तो भिकाऱ्यासारखा दारांत! गांवकीच्या वाळीला जो भितो त्यानें ही गोष्ट मुलांस सांगावी. हत्यार तेंच आहे. पुढें १३०२ सालीं आठवा बोनिफास पोप यानें तर जाहीर केलें कीं, दोन्ही तलवारी चर्चच्याच आहेत. राजाच्या हातीं जी आहे ती चर्चच्या मर्जीनें आहे.

मग ख्रिस्ती देशांत लोकांची सत्ता आली कशी? येथें आमचें मत पुष्कळांच्या मतांहून निराळें आहे. ती बायबलांतून आली नाहीं, आणि बायबलाच्या विरुद्ध जाऊनही सारी आली नाहीं. पोप आणि बादशहा या दोन धन्यांच्या भांडणांत तिसऱ्याचा लाभ झाला. पोपास हाणण्यासाठीं राजांचे वकील म्हणूं लागले कीं, राजास सत्ता लोकांकडून मिळते, पोपाकडून नव्हे. पादुआच्या मार्सिलियसनें १३२४ सालीं आपल्या ग्रंथांत कायदा करण्याचा मूळ अधिकार लोकांकडे ठेविला. पुढें उलट बाजूनें, राजास हाणण्यासाठीं धर्मपंडित म्हणूं लागले कीं, राजानें करार मोडला तर लोकांनीं त्यास अडवावें. अकबरानें उलेमांच्या सह्या घेतल्या त्याच १५७९ सालीं युरोपांत छळ सोसणाऱ्या फ्रेंच प्रोटेस्टंटांच्या बाजूचा असा एक ग्रंथ छापून निघाला. एकाच सालीं हिंदुस्थानांत पंडित राजापुढें वांकत होते आणि तिकडे राजास करार दाखवीत होते. ७० वर्षांनीं, १६४९ सालीं, ईश्वरी हक्कानें राज्य करितो म्हणणाऱ्या इंग्लंडच्या पहिल्या चार्लसचें डोकें त्याच्याच प्रजेनें उडविलें.

पण यावरून ख्रिस्ती धर्म म्हणजे रयतेचा धर्म असें कोणी समजूं नये. १५२५ सालीं जर्मनींतील शेतकरी उठले. त्यांनीं बारा कलमांचा जाहीरनामा काढला. आमचा पाद्री आम्ही निवडूं, ख्रिस्तानें सर्वांस सोडविलें आहे तर आम्ही वेठबिगार कां राहावें, जंगलांतलें लांकूड आणि ओढ्यांतली मासळी गांवाची असावी, अशीं तीं कलमें. आमच्या घाटाखालच्या कोणाही कुळास तीं आपलींच वाटतील. आणि पोपाची मिरास मोडणारा मार्टिन लूथर काय म्हणाला? आधीं त्यानें दोन्ही बाजूंस उपदेश केला. मग उठावणी वाढतांच, या दंगेखोरांस वाटेल तसें ठेंचा, असें सरदारांस लिहिलें. हजारों शेतकरी कापले गेले. धर्मसुधारक मोठा असला तरी तो भाकरीच्या वेळीं कोणाच्या पंक्तीस बसतो, हें पाहावें.

कोंकणच्या किनाऱ्यानें तर या ख्रिस्ती सार्वभौमत्वाची दुसरी बाजूही पाहिली आहे. १४५५ सालच्या पोपच्या फर्मानानें आफ्रिकेच्या किनाऱ्यानें पुढें जाणाऱ्या पोर्तुगाल राजाच्या दर्यावर्दी मोहिमांस मक्ता मिळाला, आणि १४९४ सालीं स्पेन व पोर्तुगाल यांनीं समुद्रावर एक रेघ ओढून जग आपसांत वांटून घेतलें. मग चौलास त्यांची वखार व किल्ला आला, गोव्यास १५६० सालीं इन्क्विझिशन आलें तें १८१२ पर्यंत राहिलें, आणि आमच्याच समुद्रांत आमच्या गलबतांस त्यांचा परवाना घ्यावा लागूं लागला. मुंबई तर १६६१ सालच्या लग्नाच्या तहांत इंग्लंडच्या राजास आंदण मिळाली. त्यानें ती १६६८ सालीं वर्षास दहा पौंड खंडानें कंपनीस देऊन टाकिली. मुंबईच्या कोळ्यास, भंडाऱ्यास कोणीं विचारलें होतें काय? जसें विजापूरकरास कोंकण देतांना विचारलें नाहीं, तसेंच येथेंही नाहीं. देवाचें नांव दोन्हीकडे होतें.

आतां तिसरें वाक्य. आमच्याकडे धर्म राजाचा राजा होता म्हणतात. धर्म म्हणजे कोण? मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायांत राजा आठ देवांच्या अंशांचा बनलेला आहे असें सांगून त्यास आकाशांत चढविलें आहे, आणि लगेच सकाळीं उठून ब्राह्मणांची सेवा करावी व त्यांच्या सांगण्यांत राहावें असें बजावून खालीं उतरविलें आहे. देवांचा अंश असलेल्या राजाचीही दोरी दुसऱ्याच्या हातीं!

याचा पुरावा शोधण्यास महाड तालुक्याच्या बाहेर जावें लागत नाहीं. जावळीच्या मोऱ्यांच्या बखरींत चंद्रराव आणि शिवाजी महाराज यांचा सवालजबाब दिला आहे. चंद्रराव म्हणतो कीं, आम्हांस हें राज्य महाबळेश्वराच्या कृपेनें व किताब बादशहाकडून. तुम्ही कालचे राजे. बखर मागाहूनची आहे, तिच्यांतील शब्द न् शब्द खरा मानण्याचें कारण नाहीं. पण त्या काळीं राजेपण कशावर टेंकलें होतें तें तिच्यांत साफ दिसतें: एक पाय देवावर, दुसरा बादशहाच्या सनदेवर. १६५६ सालीं महाराजांनीं जावळी घेतली आणि हे दोन्ही पाय निखळले. घाटाखालच्या मावळ्यांच्या मनगटावर नवें राज्य उभें राहिलें. उमरठच्या तानाजी मालुसऱ्यांस कोणत्या खलिफाची वा शंकराचार्यांची सनद होती?

असें असूनही ६ जून १६७४ रोजीं रायगडावर अभिषेक करावयाचा म्हटल्यावर प्रश्न निघाला तो क्षत्रियत्वाचा. किल्ले घेतांना तो निघाला नव्हता. काशीच्या गागाभट्टांनीं निवाडा दिला, महाराजांची मुंज झाली, मग अभिषेक झाला. त्यानंतर त्याच वर्षीं २४ सप्टेंबरास निश्चलपुरी गोसाव्याच्या हातून तांत्रिक पद्धतीनें दुसरा अभिषेक झाला. सिंहासन एक, पण शिक्का मारणारे किती! इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन त्या समारंभास हजर होता. सिंहासनाजवळ भाल्यांच्या टोकांवर सोन्याचीं माशांचीं डोकीं, घोड्यांच्या शेपट्या आणि सोन्याचा तराजू त्यानें पाहिला. हीं राजचिन्हें मोगली दरबारांतही चालत. महाराजांनीं राजमुद्रा संस्कृत केली, फारशी शब्दांसाठीं कोश करविला, आणि राजचिन्हें मात्र चारी बादशाह्यांस समजतील अशीं ठेविलीं. सार्वभौमत्व हें दुसऱ्यास दिसावें लागतें, हें त्यांस पक्कें ठाऊक होतें. गादी मिळाली, शक सुरू झाला, आणि रयतेस आपला राजा मिळाला, हें सर्व खरेंच. पण राजा कोणास म्हणावें हा दाखला देण्याचा हक्क पोथीवाल्याकडेच राहिला, आणि सव्वादोनशें वर्षांनीं कोल्हापुरास वेदोक्ताच्या प्रकरणांत शाहू महाराजांस त्याचीच शिक्षा भोगावी लागली. महाराजांनीं पुढें १९२० सालीं क्षात्रजगद्गुरूचें पीठ काढलें. हेतु थोर होता. तरी आमच्या मतें दलाल बदलल्यानें दलाली मोडत नाहीं, आणि सत्यशोधकांतही हें बोलणारे होते.

येथें ख्रिस्ती देशांत व आमच्यांत मोठा फरक आहे. पोप एक होता, त्याचें घर ठाऊक होतें, त्याशीं राजास उघड भांडतां आलें. आमचा पोप गांवोगांव वांटलेला. त्याची गादी नाहीं, कचेरी नाहीं, फर्मान छापील नाहीं. म्हणून आमच्याकडे राजा आणि धर्माधिकारी यांचें उघडें भांडण क्वचितच झालें, आणि तिसऱ्याचा लाभही झाला नाहीं. बहिष्काराचें जें हत्यार रोमेस एकाच्या हातीं होतें, तें येथें प्रत्येक आळीच्या हातीं आलें.

महाडास १९२७ सालीं जें झालें तें या दृष्टीनें पाहावें. रावबहादुर बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलानें ४ ऑगस्ट १९२३ रोजीं पास केला: सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्या लोकांस मोकळे. ५ जानेवारी १९२४ रोजीं महाड म्युनिसिपालिटीनें चवदार तळें सर्वांस खुलें केल्याचा ठराव केला. (त्यानंतर दोनच महिन्यांनीं, ३ मार्चला, तुर्कस्तानच्या राष्ट्रसभेनें खिलाफत मोडली.) म्हणजे कायद्यानें जो धनी त्यानें हुकूम दिला होता. पण २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर व हजारों लोक त्या तळ्याचें पाणी प्याले, तेव्हां त्यांच्यावर काठ्या पडल्या, आणि तळें शेण-गोमूत्रानें शुद्ध करण्यांत आलें. ४ ऑगस्टला म्युनिसिपालिटीनें आपला ठराव मागें घेतला. बोले यांचा ठराव पास झाल्यास त्या दिवशीं बरोबर चार वर्षें झालीं होतीं. सरकार इंग्रजाचें, फौज इंग्रजाची. तळ्यावर राज्य मात्र रूढीचें!

डिसेंबरांत पुन्हां परिषद भरली. मंडपास जागा कोणी देईना, तेव्हां फत्तेखान या मुसलमान गृहस्थानें आपली जमीन दिली. आमच्या पक्षाच्या जेधे-जवळकरांनीं पाठिंबा देऊं केला, पण ब्राह्मणांस चळवळींत घेऊं नये अशी अट घातली, डॉ. आंबेडकरांनीं ती नाकारली, आणि त्यांनीं बरोबर केलें. २५ डिसेंबरास मनुस्मृति जाळण्याचा ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे हे जन्मानें ब्राह्मणच होते. त्या परिषदेची तुलना डॉक्टरांनीं १७८९ सालच्या फ्रान्सच्या राष्ट्रसभेशीं केली. सावित्रीच्या कांठीं मांडवांत बसलेल्या अडाणी म्हणविल्या लोकांस त्यांनीं सांगितलें कीं, तुम्ही राष्ट्र घडविण्यास बसलां आहां.

आणि तरीही त्यांनीं सत्याग्रह तहकूब केला. कारण विरुद्ध पक्षानें १४ डिसेंबरास कोर्टाचा तात्पुरता मनाईहुकूम मिळविला होता. कित्येकांस तेव्हां ही माघार वाटली. आमचें मत निराळें आहे. रूढीचा हुकूम पायाखालीं तुडविणारा मनुष्य कोर्टाचा हुकूम पाळतो, तेव्हां तो दोन धन्यांतून एकाची निवड करीत असतो. कोर्टावर अपील आहे, रूढीवर नाहीं. दहा वर्षें खटला चालला व १७ मार्च १९३७ रोजीं हायकोर्टांत निकाल आपल्या बाजूनें लागला. तोही पाहा कशावर: अनादि काळापासून अशी रूढी असल्याचें वादींनीं सिद्ध केलें नाहीं, यावर. माणसास पाण्याचा हक्क आहे यावर नव्हे. रूढी आणखी जुनी ठरली असती तर? हें भोंक बुजण्यास राज्यघटना यावी लागली. तिच्या पंधराव्या कलमांत विहिरी, तळीं, स्नानाचे घाट हे शब्द नांवानिशीं घातले आहेत. जगांतील थोड्याच घटनांत तळें हा शब्द असेल. आमच्या घटनेंत तो आहे, आणि तो वाचतांना महाड आठवतें.

१९४९ हें साल या बाबतींत फार बोलकें आहे. १२ मार्च रोजीं पाकिस्तानच्या घटनासमितीनें ठराव केला कीं, विश्वाचें सार्वभौमत्व अल्लाकडे आहे व त्यानें तें लोकांच्या द्वारें राज्यास सोंपविलें आहे. हा विचार जोरानें मांडणारे मौलाना मौदूदी हे १९०३ सालीं आमच्याच औरंगाबादेस जन्मलेले. पुढें १९५३ सालीं पंजाबांत धर्माच्या नांवानें दंगे झाले. त्यांच्या चौकशींत मोठमोठ्या उलेमांस मुसलमान म्हणजे कोण हें विचारलें असतां दोघांचेंही एकमत झालें नाहीं, असें न्यायमूर्ति मुनीर यांच्या अहवालांत नमूद आहे. अलींचें उत्तर पुन्हां खरें ठरलें. आमच्या घटनासमितींत १७ ऑक्टोबर १९४९ रोजीं हरि विष्णु कामथ यांनीं सरनाम्याच्या आरंभीं ईश्वराचें नांव घालण्याची सूचना आणली. ४१ विरुद्ध ६८ मतांनीं ती पडली. पाडणारांत कित्येक चांगले आस्तिक होते. देव नको म्हणून त्यांनीं मत दिलें नाहीं. मधला मुखत्यार नको म्हणून दिलें, असा आम्ही त्याचा अर्थ करितों. ख्रिस्ती लोकांनीं हा वाद संपविला असें मात्र समजूं नका. ६ मे २०२३ रोजीं इंग्लंडच्या राजास वेस्टमिन्स्टर येथें आर्चबिशपानेंच तेल लाविलें.

त्याच १९४९ सालीं मुंबई सरकारनें वाळींत टाकण्याविरुद्ध कायदा केला. दाऊदी बोहरांच्या धर्मगुरूंनीं त्यास हरकत घेतली, आणि १९६२ सालीं सुप्रीम कोर्टानें चार विरुद्ध एक मतानें तो रद्द केला: आपल्या धर्माचा कारभार पाहण्याचा हक्क पंथास आहे म्हणून. मुख्य न्यायाधीश सिन्हा यांनीं विरुद्ध मत दिलें. आमच्या मतें खरा न्याय त्या एकट्यापाशीं होता. २०२३ सालीं पांच न्यायाधीशांनीं हा प्रश्न फेरविचारासाठीं नऊ न्यायाधीशांपुढें पाठविला. ज्या मराठी बांधवांस हा निव्वळ बोहऱ्यांचा प्रश्न वाटतो त्यांनीं आपल्या गांवाकडे पाहावें. रायगड जिल्ह्यांतूनच गांवकीच्या बहिष्काराच्या इतक्या तक्रारी आल्या कीं महाराष्ट्र सरकारास २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला. तो ३ जुलै २०१७ पासून लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी त्यांत शिक्षा आहे. येथें बहिष्कार घालणारे ब्राह्मणच असतात असें नाहीं, बहुजनांचीच गांवकी बहुजनांच्याच घरास वाळींत टाकिते. भटशाही भटाशिवायही चालते हें आम्ही कधीं कबूल करणार?

गांवकी वाईटच असें आमचें म्हणणें नाहीं. पालखी, होळी, लग्नकार्य, पुराच्या वेळीं मदत, हीं कामें तिनें जरूर करावीं. पण ज्या गांवकीस आपला दंड न्यायाचा वाटतो तिनें एक करावें. तो रीतसर पावती देऊन घ्यावा. रक्कम किती, गुन्हा कोणता, कोणत्या कायद्याखालीं, आणि अपील कोणाकडे, हें पावतीवर लिहावें, खालीं सह्या कराव्या व शिक्का उठवावा. ती पावती महाडच्या किंवा पोलादपूरच्या पोलीस ठाण्यांत दाखविण्यास दंड भरणाऱ्यास मोकळीक असावी.